साडेसहाचा कॉल आणि लक्ष्मीपूजन

अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे जातात. कालनिर्णयात ही नोंद नसते. पण पुण्यात कोथरूड-बाणेरच्या, अमेरिकेतल्या कंपन्यांचं काम करणाऱ्या कितीतरी घरांत लक्ष्मीपूजन निवांत होणार की घाईघाईत, हे त्या रविवारावर ठरतं. तिकडच्या उन्हाळी वेळेत न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, म्हणजे ऐन दिवेलागण. घड्याळं मागे गेली की तोच नऊचा कॉल आपल्याकडे साडेसातला येतो आणि पूजा, आरती, शेजारी लाह्या-बत्तासे देऊन येणं, सगळं उरकायला तासभर हाताशी मिळतो. थोडक्यात, दिवाळी उशिरा आली तर लक्ष्मी सुटते, लवकर आली तर सापडते. २०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि घड्याळं मागे गेली ३ तारखेला. थोडक्यात हुकलं. त्यात अर्ध्या देशाने ३१ ऑक्टोबरलाच पूजा उरकली होती, त्यामुळे ज्यांच्या कंपनीचं मुख्यालय दुसऱ्या राज्यात त्यांना सुट्टी एका दिवशी आणि लक्ष्मी दुसऱ्या दिवशी, असाही प्रकार झाला. २०२५ साली लक्ष्मीपूजन आलं २१ ऑक्टोबरला, मंगळवारी. हुकण्याबिकण्याचा प्रश्नच नव्हता, सरळ टक्कर होती. त्यातल्या त्यात सुख कॅलिफोर्नियाशी काम करणाऱ्यांना: नरक चतुर्दशी सोमवारी होती, म्हणजे आपण पहाटे पाचला उटणं लावायला बसलो तेव्हा तिकडे रविवारची दुपार होती. अभ्यंगस्नान तेवढं बिनकॉलचं झालं.

माझा भाऊ आणि वहिनी दोघंही आयटीत. वारज्याला टू बीएचके. आठवड्यातले तीन दिवस कचेरी, दोन दिवस घर, असा कंपन्यांशी सध्या तह झालेला आहे. भावाची घरातली कचेरी बेडरूममध्ये, दार लावून. वहिनीची डायनिंग टेबलावर, कारण 'तुला कुठे एका जागी बसायचं असतं' असं २०२० साली कधीतरी ठरलं आणि ते तसंच चालू राहिलं. डायनिंग टेबलापासून ओटा चार पावलांवर. घरून काम या विषयावर मी जे काही सांगणार आहे ते बहुतेक या चार पावलांतच आहे.

२०२४ साली धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी मी तिथे होते. आई कढईपाशी. वहिनीच्या कानात हेडफोन, हातात सोऱ्या. लॅपटॉपवर दहा-पंधरा चौकोन, त्यातला वहिनीचा चौकोन काळा, 'नेटवर्क वीक आहे' या सबबीखाली. ती वर्तमानपत्राच्या कागदावर शिस्तीत चकल्या पाडत होती, तीन वेढे, शेवटचं टोक बोटाने आत दाबायचं, आणि मधूनमधून मान डोलावत होती, जी कुणालाच दिसत नव्हती. एवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं. दोन्ही हात भाजणीने माखलेले. तिने करंगळीच्या पेराने माइक सुरू केला आणि कुठल्याशा डिफेक्टबद्दल अगदी ठाम आवाजात बोलायला लागली. दुसऱ्या वाक्याला आई म्हणाली, "अगं, तेल तापलंय, दे की पटापट, जळतील नाहीतर!" हे न्यूयॉर्कने ऐकलं, चेन्नईने ऐकलं. क्षणभर शांतता. मग मॅनेजरने काळजीने विचारलं, तिकडे पाऊस पडतोय का? कढईतल्या चर्रचा आवाज त्याला पावसासारखा वाटला असावा. तेवढ्यात चॅटमध्ये न्यू जर्सीहून एका टीममेटची ओळ उमटली, रोमन लिपीतली पण शुद्ध मराठी: भाजणी घरची की विकतची?

या आवाजांचंही एक शास्त्र आहे. कॉलचं सॉफ्टवेअर एकसुरी आवाज ओळखून गाळून टाकतं. पंखा, मिक्सर, संथ पाऊस. त्याला अवघड जातं ते अचानक उठणारं किंवा माणसाच्या बोलण्याचं. कुकरची शिट्टी, दाराची बेल, खालच्या पोराने लावलेली लवंगी, आणि सासूबाई. आईचं वाक्य गाळलं गेलं नाही ते त्यामुळेच.

याच सुमाराला बेडरूमचं दार उघडलं, भावाने डोकं बाहेर काढलं. "चहा मिळेल का गं? पाच मिनिटांचाच ब्रेक आहे." वहिनीने माखलेले हात वर करून दाखवले. तो "बरं बरं" म्हणाला आणि परत आत गेला. तो वाईट नवरा नाही, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. देशाच्या सरासरीत तो पुष्कळच वर बसेल.

सरासरी सरकारनेच काढून ठेवली आहे. लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची देशव्यापी पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केली, आणि पुन्हा २०२४ मध्ये. घरातलं बिनपगारी काम, म्हणजे स्वयंपाक, धुणी-भांडी, झाडलोट वगैरे करणाऱ्यांत २०१९ साली बाईची दिवसाला २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषाची ९७. आता मधल्या पाच वर्षांत काय काय झालं ते आठवा. टाळेबंदी झाली, मोलकरणी महिनोन् महिने बंद झाल्या, पुरुष घरी बसले, त्यांनी डालगोना कॉफी फेटली, केक केले, भांडी घासतानाचे फोटो टाकले. २०२४ साली बाईची मिनिटं २८९ झाली. पुरुषाची ८८. नऊ मिनिटं कमी झाली! आणि हे आकडे मुळात घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे आहेत. २०१९ मध्ये असे पुरुष शंभरातले सव्वीस होते. उरलेले चौऱ्याहत्तर त्या दिवशी त्या हिशेबातच नव्हते. तेव्हा माणूस घरी बसला म्हणजे घराला हातभार लागतो, हा समज आपण आता सोडून द्यायला हरकत नाही. तो घरी असतो, एवढंच.

आज विसरायला झालं आहे, पण घरून काम करू देणं हे २०२० पर्यंत सरकारदरबारी संशयाचं प्रकरण होतं. कॉल सेंटरसारख्या कंपन्या दूरसंचार विभागाच्या नियमांत बांधलेल्या असत. एजंटला घरी बसवायचा तर कंपनीने एक कोटी रुपयांची बँक गॅरंटी ठेवायची, घरापर्यंत वेगळी सुरक्षित जोडणी न्यायची. साहजिकच कुणी त्या भानगडीत पडत नसे. १३ मार्च २०२० ला विभागाने या अटी तात्पुरत्या सैल केल्या. बारा दिवसांनी टाळेबंदी लागली आणि कंपन्यांनी टेंपोत, कॅबमध्ये घालून संगणक लोकांच्या घरी पोचवले. ५ नोव्हेंबर २०२० ला, म्हणजे त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाच्या नऊ दिवस आधी, ते नियम बव्हंशी मोडीतच निघाले. एक कोटीचं तारण मागणारं सरकार आठ महिन्यांत म्हणू लागलं की घर हीच कचेरीची विस्तारित शाखा समजा.

सेझचा पेच निराळा. हिंजवडीतल्या अनेक कंपन्यांना करसवलत मिळते ती विशेष आर्थिक क्षेत्राच्या कुंपणाच्या आत काम केल्याबद्दल. माणूस कुंपणाबाहेर, वारज्याच्या डायनिंग टेबलावर बसला तर सवलत कशाची? जुलै २०२२ मध्ये त्यासाठी नियमांत नवं कलम घातलं गेलं, निम्म्या कर्मचाऱ्यांपुरतं. डिसेंबरात ते सगळ्यांसाठी खुलं झालं. आपल्याकडे कायद्यात घरून कामाचा उल्लेख शोधू गेलं तर ठळक सापडायचा तो २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत: २६ आठवड्यांची रजा संपल्यावर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, बाईला घरून काम देता येईल. म्हणजे कायद्याच्या लेखी हा विषय बाळंतिणीचाच राहिला.

आणि कंपन्यांचं म्हणाल तर त्यांचा शब्द ऋतूसारखा. टीसीएसने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ उजाडेपर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त लोकांना कचेरीत यायची गरजच राहणार नाही. तेव्हा ते ऐकून कित्येकांनी हिंजवडीजवळचे भाड्याचे फ्लॅट सोडले, काहींनी गावाकडच्या घराला संडास-बाथरूम आतून काढून घेतलं. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीने सगळ्यांना आठवड्याचे पाचही दिवस बोलावलं, आणि २०२४ मध्ये हजेरी ६० टक्क्यांहून कमी भरली तर कामगिरीशी जोडलेला पगार मिळणार नाही असा नियम आणला. २०२५ उजाडून दिवाळीही येऊन गेली. हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकात संध्याकाळी उभं राहून पाहावं, २५ टक्के किती दिसतात.

घरून काम करणाऱ्यावर कंपनीचा विश्वास किती, हा नाजूक भाग. उंदीर, म्हणजे माउस, काही मिनिटं हलला नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. त्यावर उपाय म्हणून माउस आपोआप हलवणारी यंत्रं बाजारात मिळतात. २०२४ मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेने कळफलक चालू असल्याचा बनाव केल्याबद्दल डझनावर माणसं काढून टाकली, तेव्हा या धंद्याची बरीच चर्चा झाली. आपल्याकडे २०२२ साली विप्रोचे रिशद प्रेमजी यांनी एकाच वेळी दुसऱ्या कंपनीसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना घरी पाठवल्याचं सांगितलं. अर्थात ते घरीच होते.

पुण्यात तरी या मंडळींचा खरा शत्रू पिवळा ठिपका नाही, गुरुवार आहे. गुरुवारी महावितरणची दुरुस्ती निघते, गुरुवारीच महापालिका पाणी बंद ठेवते. इन्व्हर्टरची बॅटरी, राउटरचा छोटा यूपीएस, मोबाइलचा हॉटस्पॉट, ही सगळी कुमक गुरुवारसाठी. दिवाळीत तर सोसायटीच्या माळांचा भार पडून कुठलाही वार गुरुवार होऊ शकतो. लॅपटॉपची पूजा हा आणखी एक प्रसंग. खंडेनवमीला कचेरीत झेंडूचं फूल ठेवून भागतं. घरी लक्ष्मीपूजनाला आई हळद-कुंकू, अक्षता सगळं यथासांग वाहते, आणि पाडव्यानंतर चार्जर का बसत नाही म्हणून दुकानदार टॉर्च लावून पाहतो तेव्हा छिद्रात तांदळाचा दाणा निघतो.

कोकणात जाऊन काम करण्याचं स्वप्न आमच्या पिढीने पोटभर पाहिलं. माडाखाली खुर्ची, समोर समुद्र, मांडीवर लॅपटॉप. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या पट्ट्यावर आदळलं, दापोली-मंडणगडपर्यंत विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. वादळ नसतानाही रेंज मिळेलच असं नाही. त्याच पावसाळ्यात कणकवली तालुक्यातली एक विद्यार्थिनी डोंगरावर झोपडी बांधून तिथे ऑनलाइन वर्ग करत होती, कारण नेटवर्क तेवढ्याच जागी येत होतं. माडाखालची खुर्ची जाहिरातीत बरी.

हा लेखही घरूनच लिहिला आहे, हे ओघात सांगून टाकते. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखक ऑगस्टच्या पावसात, ओले कपडे घरात वाळत असताना, आकाशकंदिलाबद्दल लिहीत आले आहेत. त्यांना कुणी बँक गॅरंटी मागितली नाही. मानधनही बेतानेच.

पण घरून काम करणारे म्हणून आपण लेखक आणि आयटीवाले यांच्याबद्दल बोलतो, हीच मोठी गंमत आहे. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यातूनच श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड उभं राहिलं. सातांतल्या एक जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आज लिज्जतच्या भगिनी सुमारे ४५ हजार आहेत. पद्धत अशी: पहाटे शाखेत पीठ मळलेलं असतं. भगिनी येते, आदल्या दिवशीचे वाळलेले पापड देते, ते तोलून-पारखून घेतले जातात, तिचे पैसे तिला मिळतात, नवं पीठ डब्यात घेऊन ती घरी जाते. लाटायचं घरी, वाळवायचं घरी. त्यासाठी घर स्वच्छ आहे का, पापड पसरायला जागा आहे का, हे संस्थेची माणसं येऊन बघतात. पिवळ्या ठिपक्याच्या आधी साठ वर्षं ही तपासणी चालू आहे, आणि जास्त प्रामाणिक आहे, कारण तिथे बघायचा असतो तो पापड. बाई पोळपाटापाशी किती वेळ बसली होती हे कुणी विचारत नाही. शिवाय ती तिथे नोकर नाही, मालकीत भागीदार आहे.

विडीचं तसं नाही. सोलापुरात हजारो बायका, पुष्कळशा तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या, पिढ्यान् पिढ्या घरी विड्या वळत आल्या आहेत. कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा आणायचा. पानं भिजवून मऊ करायची, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची. मग मांडीवर सूप घेऊन बसायचं. डाव्या तळहातावर पान, उजव्या हाताची चिमूट तंबाखूची, अंगठ्याने एक वळसा, दोऱ्याचे दोन फेरे, तोंड नखाने दुमडायचं. डोळे सुपाकडे नसतातच. ते चुलीवरच्या भाताकडे, पोराच्या पाटीकडे, दाराशी आलेल्या माणसाकडे. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. शाखेत दिल्यावर त्यातल्या काही नापास होतात, त्या गेल्या. पाऊस लागला, पानं खराब निघाली, विजेचा दिवा लावावा लागला, जागा अडली, सगळं बाईच्या खात्यावर. कारखानदाराला छप्पर बांधावं लागत नाही. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानलं, हे मोठंच झालं. पण छप्पर तिचंच राहिलं.

सोलापूरच्या कामगार चळवळीला हे नेमकं कळलं होतं. जिथे घर हाच कारखाना आहे तिथे घर मागणं म्हणजे कामाची जागा मागणं. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम, ज्यांना सगळं शहर आडम मास्तर म्हणतं, त्यांच्या पुढाकाराने शहराबाहेर कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत उभी राहिली. दहा हजार घरं, विडी वळणाऱ्या बायकांची. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग ती हस्तांतरित करायला आले. त्याच परिसरात पुढे रे नगर झालं, असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची योजना; तिच्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिल्या गेल्या. दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान एका मार्क्सवादी नेत्याच्या वसाहतीत येतात, हे महाराष्ट्रात रोज घडत नाही.

आता वारज्याकडे बघा. टेबल वहिनीचं, खुर्ची तिने पाठ धरल्यावर स्वतः घेतलेली, वीज तिची, इंटरनेट तिचं, इन्व्हर्टर तिचा. फ्लॅटचा हप्ता दोघांचा. कंपनीने बाणेरच्या इमारतीतले दोन मजले सोडून दिले, त्या भाड्याचं काय झालं ते वहिनीला कुणी कळवलं नाही, आणि तिच्याही डोक्यात विचारायचं आलं नाही. मी विचारल्यावर म्हणाली, "अहो ताई, दोन दिवस घरून करू देतात हेच उपकार!" विडीवालीला पगार कमी आहे, तिच्या फुप्फुसात तंबाखूची धूळ जाते, दोघींची बरोबरी करणं खुळेपणाचं होईल. पण मालकाचं भाडं आपल्या घरातून वाचतं, ही गोष्ट विडीवालीला कळलेली आहे आणि इंजिनिअर बाईला नाही. माझ्या मते शिक्षणाचा हा बराच महागडा तोटा आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. मालकाने सांगितलेली वस्तू किंवा सेवा जो मोबदला घेऊन स्वतःच्या घरी तयार करतो तो गृहश्रमिक, अशी त्यात व्याख्या आहे. अधूनमधून घरून काम करणाऱ्याला ती लागू नाही. म्हणजे विडी त्यात बसते, आणि कायम घरी बसून केलेलं सॉफ्टवेअरही. वेतन, सुरक्षितता, बाळंतपणाचे हक्क, संघटना करण्याचा हक्क या बाबतीत त्याला इतर पगारी कामगारांच्या बरोबरीने वागवावं, असं हा करार म्हणतो. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.